नुसत्या ढोलकीची ओळ

नाना गेल्याचा फोन वस्तीतल्या विलासनं केला. मी परभणीला, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. "ताई, नाना गेले. सकाळी चहा मागितला, अन् चहा येईपर्यंत..." तो थांबला. मग, बहुतेक गप्प राहणं जड झालं म्हणून, म्हणाला, "आता त्या ओळीचं तुमी बघा." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण रडू येण्याच्या आधी माझ्याही मनात ती ओळच आली होती. त्याची लाज अजून जात नाही, आणि नानांविषयी लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

नाना माझे सख्खे चुलते. सेलूला जिनिंगमध्ये काम करत, आणि जयंतीचे दिवस आले की पेटी-ढोलकी घेऊन गावोगाव गात. लोक त्यांना शाहीर म्हणत. गाणी त्यांनी पुष्कळ केली, पण आमच्या भागात तोंडी बसलं ते एकच, ‘गावांचं गाणं’. जिंतूरकडून परभणीकडे येताना जी गावं लागतात ती त्यात क्रमानं येतात, आणि प्रत्येक गावाला एक ओळ. त्या गावच्या आपल्या माणसांनी काय केलं ते त्या ओळीत. कुणी पाणवठ्यावर घागर बुडवली, कुणी मेलेलं ढोर ओढायला नाही म्हटलं, कुठल्या गावच्या बायकांनी ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीतच पोरांची शाळा भरवली. मी एकदा विचारलं होतं, नाना, यात निजाम का नाही, पोलिस ॲक्शन का नाही? म्हणाले, "त्याचं पुस्तकात हाय की. आपलं कुठं हाय ते सांग."

हळूहळू त्या गाण्याचा मान इतका वाढला की सोयरीक जुळवताना माणसं ओळ विचारू लागली. तुमची ओळ कोणती? मग समोरचा ती म्हणून दाखवी, आणि निम्मी ओळख तिथंच होई. आमच्या गावाला मात्र ओळ नव्हती. शाहीर ज्या वस्तीत राहतो ती वस्तीच गाण्यात नाही. आमच्या गावाची जागा आली की नाना माइक खाली करत, मानही खाली घालत, आणि तेवढा वेळ नुसती ढोलकी वाजे. लांबच्या लोकांना वाटे, मध्ये वाद्याचा तुकडा घातलाय. जवळच्यांना ठाऊक होतं. मी शाळेत असताना एका लग्नात पंगतीला वाढायला गेले, तर नवरीकडची एक बाई मला म्हणाली, "तुमी ढोलकीवाल्या गावच्या न्हवं का गं? वाढ, वाढ. वाढताना तरी तोंड उघड." बायका हसल्या. आईनं माझ्या हातातलं वरणाचं पातेलं घेतलं आणि पुढं वाढत गेली.

का ते मला नानांनीच सांगितलं, मी शिकायला औरंगाबादला निघाले तेव्हा. ती गोष्ट मी लहान असतानाची, विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींच्या दिवसांतली. रस्त्यावरच्या एका गावात आपल्या लोकांची घरं जाळली, आणि त्यातलं एक कुटुंब पायी चालत दुपारचं आमच्या वस्तीत आलं. एक बाई, म्हातारा सासरा, दोन लेकरं, एक गाठोडं. वस्ती घाबरली. आपण यांना ठेवलं तर आपलीही घरं जातील, ज्यांच्या शेतावर कामाला जातो ते उद्या दारात उभं करणार नाहीत... एकेक दार लागलं. ती माणसं लिंबाखाली उभी राहिली. बाईनं पाणी मागितलं. "मी आतून कडी धरून उभा होतो," नाना म्हणाले. "बाहेरून कुणी ढकलत न्हवतं, माय. तरीबी धरून होतो." मग ती माणसं तिथून निघाली आणि पुढच्या बोरवाडीला गेली. गाण्यात आमची ढोलकी संपली की बोरवाडीची ओळ येते:

बोरवाडीनं दार उघडलं, चुलीवर ठेवलं पाणी
निजवली परक्याची लेकरं, तिचीच गातो मी गाणी

गेल्या दिवाळीत नानांची शेवटची भेट झाली. विलास जयंती कमिटीचा अध्यक्ष. तो कमिटीची पोरं घेऊन आला होता. त्याला गाणं नव्या चालीत, मोठ्या स्पीकरवर वाजवायचं होतं आणि त्यात आमच्या गावाची ओळ हवी होती. "नाना, आता वस्तीत काय कमी हाय? दोन डॉक्टर, एक तहसीलदार. नुसती ढोलकी किती वर्षं ऐकायची?"

"डॉक्टर कुणासाठी झाले?"

"म्हंजी?"

"स्वतःसाठीच की. चांगलंच केलं. पण गाण्यात ते बसत न्हाई. दुसऱ्यासाठी काय केलं ते आण, उद्याच्याला ओळ करतो."

"ह्या हिशेबानं तर आमची लग्नंबी ढोलकीवरच लागायची," एक पोरगा मागून पुटपुटला. नाना त्यावर मनापासून हसले. मग मी बोलले. मी पोरांच्या बाजूनं बोलले. म्हटलं, नाना, ज्यांनी त्या दिवशी दारं लावली त्यातलं आता कुणी उरलं नाही, या पोरांनी किती दिवस मान खाली घालायची? ते माझ्याकडं वळले. "मी हाय की अजून," म्हणाले.

म्हणून त्या फोनवर विलासला आणि मला दोघांनाही एकच सुचलं. आता तेही नव्हते.

ओळ मी लिहिली. नानांच्या आठवणीत व्हायच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी बसले आणि एका बैठकीत झाली. सत्याला शब्द देणारा शाहीर या मातीनं दिला, अशा अर्थाची. यमक जुळलं, चालीत बसली, ऐकून विलासचे डोळे भरले. नानांना जन्मभर ढोलकीची साथ करणारे शेजारगावचे गंगारामबापू मात्र ढोलकीची दोरी आवळत राहिले. "बोरवाडीचे लोक येतील, त्यांना एकदा ऐकव," एवढंच म्हणाले.

बोरवाडीहून टेम्पो भरून माणसं आली. त्यांच्यात कौशामावशी होत्या. लिंबाखाली उभ्या राहिलेल्या दोन लेकरांतली धाकटी ती; बोरवाडीनं त्यांना ठेवून घेतलं, तिथंच लहानाची मोठी झाली, तिथंच लग्न झालं. नानांचं गाणं जिथं असेल तिथं त्या जायच्या. मी त्यांना मांडवाच्या कडेला नेलं आणि ओळ म्हणून दाखवली. त्यांनी मन लावून ऐकली, दुसऱ्यांदा म्हणायला लावली.

"लय चांगली झाली बाई," त्या म्हणाल्या. "शाहिराला शोभंल अशी." मग पदर सारखा करत, अगदी सहज, "पण मंग आमी कुठं उभं होतो ते कुणाला कळायचं?"

इतकी वर्षं मी ती ढोलकी आमची समजत होते. आमचा अपमान, आमची शिक्षा, आमची रिकामी जागा. तिथं कुणी उभं होतं, तहानलेलं, हे मी शिकलेल्या डोक्यानं जाणत होते, पण ओळ लिहिताना ते एकदाही मनात आलं नाही. दाराच्या आतूनच लिहिली मी ती.

वंदना झाली, बोलणारे बोलले, मग गाणं सुरू झालं. एकेक गाव येत गेलं. आमची जागा आली तेव्हा विलासनं माइक माझ्यापुढं धरला. मी तो हातानं खाली केला. तो कळवळून, दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, असं करू नका." बापूंनी वर पाहिलं नाही. त्यांची ढोलकी वाजत राहिली, मला वाटतं, नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ, आणि आमच्या वस्तीतल्या सगळ्या माणसांनी ती तिथं बसून ऐकली. कौशामावशी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते, पण ढोलकी थांबताच पुढची ओळ त्यांनीच उचलली.

विलास आता माझ्याशी बोलत नाही. त्याच्या भावाची सोयरीक चालू आहे आणि मुलीकडच्यांनी ओळ विचारली आहे. हा लेख लिहितेय कळल्यावर त्यानं निरोप धाडला, पेपरात तरी गावाचं नाव येऊ द्या म्हणून.

मी ते लिहून पाहिलं. मग खोडलं.