मागे राहणाऱ्याची अट

माझी अख्खी नोकरी विमा कंपनीत गेली. त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की मी आधी त्याची मागची बाजू बघते. पुढच्या बाजूला देव आणि डोंगर असतात, मागच्या बाजूला खरं काय ते असतं. ताईला माझ्या या सवयीचा भारी राग. साडी घेतानासुद्धा ही उलटून बघते, असं ती चारचौघांत सांगायची.

हिमालयातल्या उंच देवस्थानांना ज्येष्ठांची खास यात्रा जाणार हे तिला कळलं तेव्हा तिने आधी नाव दिलं आणि मग मला सांगितलं. यात्रा नेणारे सर तिच्याच नानाखेड्याच्या कॉलनीतले, निवृत्त शिक्षक. आमच्या या हिंदी मुलखातली सगळी आपली मराठी मंडळी, सोबत आपला आचारी. भावोजींच्या ऑपरेशनच्या वेळी ताईने तिथल्या देवाला नवस बोलला होता. यांना घेऊन दर्शनाला येईन, असा. गुडघे साथ देत होते तोवर तिला तो फेडायचा होता. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

नावं पक्की करायची सभा माधव नगरात एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये होती. मीही ताईबरोबर गेले. फॉर्मची चळत गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवलेली, प्रत्येक फॉर्मवर हळदकुंकवाचं बोट. आता असा कागद उलटून कोण वाचणार? फॉर्म हातात आला की लोक आधी कपाळाला लावत होते, मग सही करत होते. चर्चा चालली होती ती जेवणाची. एकादशीला साबुदाणा मिळेल का, थालीपीठाबरोबर दही की लोणी. एका गृहस्थांनी तर पोह्यांवरची शेव इथूनच न्या, तिकडची काही खरी नाही, अशी सूचना केली आणि ती एकमताने मंजूर झाली.

मी कागद उलटला. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की प्रवासात आजार, अपघात किंवा मृत्यू झाल्यास संयोजक जबाबदार नाहीत. त्याच्या खाली होतं की आजारी यात्रेकरूला त्या मुक्कामी ठेवून यात्रा पुढे जाईल, त्याच्यासोबत घरचं एक माणूस थांबेल, आणि त्याला खाली आणायची सोय ज्याची त्याने करायची.

मी उभी राहिले आणि हे सगळं मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "सर, वर कुणाला दम लागला तर गाडी कोण देणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!" सगळे हसले. सरही हसले.

"अहो, अपन तो घर के ही लोग हैं," ते म्हणाले. "हे लिहावं लागतं म्हणून लिहिलं. तुम्ही इतकं टेन्शन का घेऊन राहिल्या?"

"घरचे आहात तर तसं लिहून द्या ना. एक गाडी आजाऱ्यासाठी मागे थांबेल, एवढंच लिहा."

सरांचं हसू गेलं. जास्तीची गाडी परवडणार नाही, ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत कधी लागली नाही. माझ्या बाजूने एकही माणूस बोललं नाही. निघायच्या आधी मरणाचं नाव काढणारी बाई कुणाला आवडेल? ताईने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "चुप बस ना गं, हद्दच करते तू," असं पुटपुटली आणि सही केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तिथून आम्ही टॉवर चौकात गरम मोजे घ्यायला गेलो. मोजे चाचपता चाचपता ती म्हणाली, "म्हणजे नुसतं डोकं दुखलं तरी मागे ठेवतील?"

"आजारी आहे म्हटलं की ठेवतीलच."

"आणि हेपण राहतील?"

"घरचं माणूस थांबायलाच हवं, असं लिहिलंय."

"अस्सं," ती म्हणाली आणि मोजे बांधायला सांगितले. मला फार बरं वाटलं. त्या भरल्या हॉलमध्ये निदान एकीला तरी अट समजली होती.

बस नानाखेड्याहून सुटली. मी दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. वाटेत तिचे फोन येत होते, आज अळूची भाजी होती, आज इतकी थंडी आहे, असे. शेवटच्या फोनवर आवाज खोल गेल्यासारखा वाटला. मी रेंजला दोष दिला.

मग भावोजींचा फोन आला. देऊळ एका मुक्कामावर आलं असताना ताई सकाळी उठलीच नाही, नुसती धापा टाकत होती. यात्रा पुढे गेली. सर रडत रडत गेले म्हणतात, पण गेले. लिहिलं होतं तसंच सगळं झालं. भावोजी मुक्कामाच्या गावात जीपसाठी दारोदार फिरले. जीप मिळाली तीही उशिरा, आणि खाली उतरताना ताई गेली.

सरांचा मला राग आहे. अजूनही आहे. पण मला आतून खाते ती गोष्ट दुसरीच.

तेराव्याला सगळे पांगल्यावर भावोजी माझ्याजवळ येऊन बसले. ताईचं डोकं चढ सुरू झाल्यापासूनच दुखत होतं, म्हणाले. उलट्या व्हायच्या तेव्हा ती नळ मोठा सोडून ठेवायची, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "मी म्हटलं, सरांना सांगू. तर मला शपथ घातली. म्हणे, बिलकुल सांगायचं नाही, दोघांनाही मागे ठेवतील, नवस राहून जाईल. धाकटीने वाचून दाखवलंय, तिचं वाचलेलं कधी खोटं निघत नाही."

ते काही तक्रार करत नव्हते. तिचा माझ्यावर किती विश्वास होता, एवढंच त्यांना मला सांगायचं होतं.