मधल्या वेळचा डबा

आमच्या घरात किस्से सोफ्याखालच्या चुऱ्यासारखे साठतात. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी पुन्हा तितकेच. आणि बहुतेक सगळे अबोलीच्या खाण्यावरून.

अबोली माझी भाची, वय साडेचार. तिची आई, म्हणजे माझी ताई, वालीवला एका प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंग सुपरवायझर आहे. जिजू पुण्याला नोकरीला, सुट्टीला उगवतात. आई-बाबा रिटायर्ड, आणि मी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून घरी. म्हणून अबोलीला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. "तू तसा रिकामाच आहेस," असं बाबा म्हणाले, तेच माझं अपॉइंटमेंट लेटर.

अबोलीचं वजन वाढत नाही. डॉक्टर म्हणाले, "येता-जाता तोंडात काही टाकू नका, तिची भूक मरतेय. मधल्या वेळचं खाणं ठरावीक ठेवा. पुढच्या महिन्यात आणा, तेव्हा बघू." त्या 'तेव्हा बघू'ने माझी झोप उडवली. त्यात ताईच्या सासूबाईंचा साताऱ्याहून फोन. "या खेपेला वजन वाढलं नाही तर पोरगी आमच्याकडे राहील. तिथं कोण बघतंय तिच्याकडं? तो कॉलेज सोडलेला?"

फोन स्पीकरवर होता. तो कॉलेज सोडलेला समोरच बसून तिला वरण-भात भरवत होता.

*

मी चार कप्प्यांचा स्टीलचा डबा काढला. शेंगदाण्याचा लाडू नाहीतर चिक्की, चणे, फळाच्या फोडी, भाकरीला तूप-गूळ. दोन कप्पे सकाळी, दोन संध्याकाळी. संपलं की संपलं, मग थेट जेवण. अबोलीला डबा लगेच पटला. तिने कप्प्यांवर बोट ठेवून नावंसुद्धा पाठ केली.

मोठ्यांना पटला नाही.

पहिल्याच दिवशी डबा उरकल्यावर ती आली. "मामा, काहीतरी दे ना." मी म्हटलं, "आता जेवताना." ती रडली नाही, सरळ किचनमध्ये गेली. परत आली तेव्हा एक गाल फुगलेला.

"आई, काय दिलंस तिला?"

"मी कुठे काय दिलं?"

"मग तोंडात काय आहे तिच्या?"

"चहात बुडवलेलं बिस्किट. ते काय खाणं आहे का? ते नुसतं तोंडात टाकलं."

आमच्या आईच्या मते ताटात वाढलेलं तेवढंच पोटात जातं. बाकीचं वाटेतच विरतं.

*

बाबांनी मला लहानपणी शिस्तीच्या नावाखाली जे काही केलं ते इथे लिहीत नाही. तेच बाबा अबोलीला घेऊन संध्याकाळी खाली चक्कर मारायला जातात.

"तिला दुकानातून काही घेऊन दिलंत?"

"छे. मला कळत नाही का?"

अबोलीची बोटं नारिंगी झाली होती. त्या पाकिटातल्या कुरकुरीत काड्यांचा रंग साबणानेही जात नाही.

"मग बोटांना काय लागलंय?"

"मातीत खेळली."

"आणि तुमच्या?"

बाबांनी हात पाठीमागे नेला. ज्या हाताने मला मारायचे तोच.

*

शेजारच्या डिमेलो टीचर भल्या बाई. आख्ख्या गावाला शिकवून रिटायर झाल्या. लहान मूल असलेल्या घरात रिकाम्या हाताने जायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि आमच्याकडे त्यांची दिवसातून एक तरी फेरी. कधी नानकटाई, कधी चॉकलेट, बहुतेकदा सुकेळी. त्यांच्या दिराच्या वाडीतली पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड. एक खाल्लं की मूल जेवणाच्या ताटाकडे बघत नाही.

मी एकदा तोंडावर सांगितलं, "टीचर, एक दिवस रिकाम्या हाताने या ना."

त्या दुखावल्या. "अरे बाळा, मूल आधी हाताकडे बघतं. हात रिकामा दिसला की त्याचं तोंड उतरतं."

"मग हात मागे ठेवून या."

दुसऱ्या दिवशी टीचर खरंच हात मागे बांधून आल्या. मला बरं वाटलं. निदान त्या वयाचं कुणीतरी माझं ऐकतंय.

सुकेळी मागच्या हातात होती.

*

ताई डबा नेत नाही. सकाळी ती चप्पल घालते तेव्हा आई अंथरुणातून आवाज देते, "थांब गं, डबा करून देते." ताई म्हणते, "नको गं, तू झोप." आई म्हणते, "माझं काय, मी उठतेच." ताई म्हणते, "नको नको, बघते मी तिकडे काहीतरी." रोज सकाळी दोघी एकमेकींवर असे उपकार करतात आणि डबा कुणीच करत नाही.

एकदा अबोली या आवाजाने उठून बसली. दार बंद झाल्यावर तिने मला हलवलं.

"मामा, आई कंपनीत काय खाते?"

मी अर्धवट झोपेत. "हवा खाते."

"नुसती?"

"नुसती. झोप आता."

ती बराच वेळ दाराकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "मला भूक लागली."

*

त्यानंतर तिने संध्याकाळी, ताई घरी आली की, 'दोन दे' सुरू केलं. लाडू दिला की "दोन दे." चिक्की दिली की "दोन दे." मी ऐकत नव्हतो, पण घरात आणखी तीन खिडक्या चोवीस तास उघड्या होत्या. माझ्याकडे नाही मिळालं तर आजी, नाहीतर आजोबा, नाहीतर टीचर. एक तोंडात, एक मुठीत, आणि पळाली पुढच्या खोलीत. मिनिटभराने बघावं तर मूठ रिकामी.

मला धडकी भरली. एवढं खाते आणि हाडं तशीच. जातं कुठे? मी मोबाइलवर जंतांपासून थायरॉइडपर्यंत सगळं वाचून काढलं. झोपली की तिचं मनगट माझ्या बोटांच्या कडीत धरून बघायचो. कडी रोज सैलच वाटायची. आईला सांगितलं तर म्हणाली, "दृष्ट लागलीय." बाबांना सांगितलं तर म्हणाले, "वाचायची एवढी हौस होती तर परीक्षेला वाचायचं."

*

मग ताईच्या सुट्टीच्या दिवशी मुंग्या आल्या. दाराजवळच्या चपलांच्या स्टँडला लाल मुंग्यांची रांग. स्टँडवर ताईची कंपनीची बॅग, खाली माझे बूट.

बाबांनी निकाल दिला. "याचे बूट. कॉलेजात जायचे नाहीत आणि मुंग्या लागायच्या."

मी बूट धुतले, उन्हात ठेवले. मुंग्या जागच्या हलल्या नाहीत. मग मी खाली पावडर मारली, तर रांग स्टँडवरून वर चढली.

बाबा म्हणाले, "बघ. मुंग्यासुद्धा तुझ्या बुटांत टिकल्या नाहीत."

*

वजनाच्या दिवशी ताईने सुट्टी घेतली. एका मुलीचं वजन करायला आम्ही चार मोठी माणसं. रिक्षात आईने अबोलीला केळं भरवलं. "काट्यावर चढायच्या आधी पोटात असू दे," म्हणे. मी भांडलो नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

अबोली काट्यावर उभी राहिली. डॉक्टरांनी आकडा बघितला, फाइल बघितली. गेल्या वेळचाच आकडा.

ताईचा फोन वाजला. सासूबाई. तिने तो उचलला नाही, नुसता पालथा घालून मांडीवर दाबून धरला.

"काय काय खाते?" डॉक्टरांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. आईची बिस्किटं, बाबांच्या नारिंगी काड्या, टीचरची सुकेळी. कुणाला सोडलं नाही.

"एवढं खाल्लेलं कुठेतरी दिसायला हवं," डॉक्टर म्हणाले. मग ताईकडे वळले. "तुमचं काय? तुम्ही वेळेवर जेवता? मुलं बघून शिकतात."

ताई ओशाळली. "डबा नाही नेत. पण आई माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात रोज काहीतरी ठेवते. लाडू, चिक्की, कधी सुकेळी. तेच खाते." मग आईला म्हणाली, "तुला मुद्दाम बोलले नाही गं. बोलले असते तर डब्यावरून पुन्हा सुरू झाली असतीस."

"मी कुठे काय ठेवते?" आई म्हणाली.

आमच्या घरात या वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ताई हसली. "असू दे गं. फक्त कधीकधी लाडू अर्धा खाल्लेला असतो, तेवढं बघत जा."

"अगं, आईशप्पथ मी नाही!"

ताईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. एकदाचे स्वच्छ होते. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काट्याकडे बघत होतो. अबोली त्यावरून उतरली. तिने ताईची ओढणी धरली, ओढत ओढत तिला काट्यापाशी आणलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "आता आईचं बघा. तिचं वाढलंय."