मस्कतला पाहिलेला नकाशा

विमान मस्कतवर उतरू लागलं आणि मी खिडकीला नाक लावलं. सगळी नोकरी मुलांना भूगोल शिकवण्यात गेली. भिंतीवरच्या नकाशात ओमानवर काठी टेकवायची, ‘उष्ण, कोरडा प्रदेश, बारमाही नदी एकही नाही’ एवढं सांगायचं आणि पुढे सरकायचं. तोच प्रदेश आता खाली पसरला होता: तपकिरी डोंगर, त्यांच्यामधून वळत गेलेल्या कोरड्या वाद्या (पाऊस पडला तरच वाहणाऱ्या नद्या) आणि डोंगरांच्या पायाशी निळाशार समुद्र. मला इतकं भरून आलं की शेजारी झोपलेल्या बाईंना उठवून मी तो दाखवला. त्यांना फारसं आवडलं नाही.

बाहेर मिलिंद उभा होता, माझा धाकटा भाऊ. रुसैलच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. “जय भीम, ताई,” म्हणत त्याने मला हलकेच जवळ घेतलं, जणू अंगावर ओला रंग होता. बॅग त्याच्या बायकोने, सुजाताने उचलली. मी फिरायला आले आहे असं नांदेडात सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर आले होते ते मिलिंदच्या छातीत दुखतं म्हणून.

मस्कतच्या हमरिया भागातल्या त्यांच्या घराचा जिना चढताना तो दोनदा थांबला. जेवणं झाल्यावर म्हणाला, “एक डॉक्टर म्हणाले, ब्लॉकेज बरेच असतील, बायपास लागेल. दुसऱ्या डॉक्टर मॅडम म्हणतात, आधी सीटी स्कॅन काढू, मग कॉम्प्युटरवर प्लॅनिंग करू. ताई, मरायची एवढी भीती नाही वाटत गं. छाती उघडायची वाटते.” बोलताना त्याचा हात शर्टाच्या बटणांवर होता.

स्कॅन दुसऱ्याच दिवशी दुपारी होता. चहा-कॉफी सक्त मना होती, कारण नाडी संथ हवी; हृदय धडधडत असलं की फोटो हलतो. सकाळी रजा सांगायला आम्ही त्याच्या अर्बाबकडे (मालकाकडे) गेलो. पांढऱ्याशुभ्र दिशदाशातल्या (पायघोळ अंगरख्यातल्या) त्या गृहस्थांनी “आपकी बहन, हमारी बहन” म्हणत खजूर आणि कहवा पुढे केला. बिनकानाचा चिमुकला पेला, त्यात पिवळसर पाणी, वेलदोड्याचा वास. मला वाटलं काढा असेल. चवही तशीच कडू! आणि पेला रिकामा झाला रे झाला की पुन्हा भरला जाई. पुरे म्हणायचं तर पेला हलवून परत द्यायचा असतो, हे मला कुठे माहीत? शेवटी लहानपणी नावडती भाजी सरकवायचे तसा मी पेला मिलिंदकडे सरकवला. त्यानेही लहानपणीसारखाच तो निमूटपणे संपवला. मग पुढचाही. आणि त्याच्या पुढचाही.

हॉस्पिटलात त्याची नाडी काही केल्या खाली येईना. केरळच्या सिस्टरने विचारलं, “चाय पिया क्या?”

“नहीं.”

“कॉफी?”

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. “थोडा कहवा... घोटभराने काय होतंय म्हटलं.”

“अरे भाई, कहवा भी कॉफी ही है! यल्ला, जाओ, कल आओ.”

कॉफी अरबस्तानातून जगभर गेली हे मीच वर्गावर वर्ग शिकवत आले होते. सुजाता म्हणाली, “ताई, तुमचा भूगोलाचा एक तास फुकट गेला म्हणायचा.”

संध्याकाळी मुतराहच्या समुद्रकाठी तळलेली सुरमई आणि केशरी हलवा खाल्ला. हलवा इतका तुपाळ की बोटं चाटली तरी बुळबुळीत. वर किल्ला होता. “तू जाऊन ये, मी बसतो,” मिलिंद म्हणाला. मी अर्ध्या पायऱ्या चढले, खाली बाकावर एकटा बसलेला तो दिसला आणि मला पुढे जाववेना. वरून समुद्र छान दिसतो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी नाडी संथ करायची गोळी देऊन झाली. मी उशाशी उभी राहून “घाबरू नकोस हं, मी आहे” असा धीर देत होते. सिस्टर पडद्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, आप बाहर. आप बोलते हो तो पल्स बढ़ता है.” मी बाहेर गेले आणि स्कॅन चुटकीसरशी झाला!

दोन दिवसांनी ओमानी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. त्यावर मिलिंदच्या हृदयाच्या धमन्या पसरल्या होत्या, फांद्या फुटलेल्या. तीन जागी त्या चिमटल्या होत्या. तीन!

“रुको,” बाई म्हणाल्या. “ये सिर्फ शकल है. अब देखो, खून कैसे चलता है.”

त्या फोटोंवरूनच कॉम्प्युटरने रक्ताचा प्रवाह मोजला होता. निळा म्हणजे भरपूर, लाल म्हणजे तुटपुंजा. दोन चिमट्यांच्या पुढेही निळंच होतं. तिसऱ्याच्या पुढे मात्र सगळं लाल. म्हणजे पाणी अडत होतं ते एकाच ठिकाणी! मग बाईंनी पडद्यावरच तिथे एक स्टेंट (बारीक जाळीची नळी) बसवून पाहिला. थोडं लाल उरलं. त्यांनी तो काढला आणि जरा जास्त लांबीचा बसवला. लाल होतं तिथे खालपर्यंत निळं होत गेलं. अजून मिलिंदच्या अंगाला चाकूसुद्धा लागला नव्हता आणि त्याचं ऑपरेशन माझ्यासमोर दोनदा झालं होतं! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

“और बायपास?” मिलिंदने शर्टाची बटणं धरूनच विचारलं.

“बायपास खलास. एक स्टेंट, कलाई से.” त्यांनी आपल्या मनगटावर बोट टेकवलं. “बाकी दो के लिए दवाई, इन्शाल्ला.”

त्याचा हात बटणांवरून खाली आला. सुजाता रडत होती, मीही. रडता रडताच ते चित्र मी मोबाइलवर मागून घेतलं.

स्टेंट पुढच्या आठवड्यात बसला, पडद्यावर ठरला होता तेवढाच आणि तिथेच. मी निघेपर्यंत तो जिना न थांबता चढू लागला होता. विमानतळावर त्याने मला अशी करकचून मिठी मारली की माझ्या चष्म्याची काडी वाकली.

परत आल्यावर शेजारच्या मंदाताई फोटो बघायला आल्या. उंट, किल्ला, हलवा बघून झाला. मग त्या निळ्या चित्रापाशी थांबल्या. “ही कुठली गं नदी? ओमानला नदी नाही म्हणायचीस ना तू?”

सगळा जन्म मी मुलांना तेच सांगितलं होतं. मी चष्म्याची काडी सरळ करू लागले, मग तशीच राहू दिली.

“एक आहे,” मी म्हटलं. “आमच्या मिलिंदची. बारमाही.”