शेपटीतली माती

दत्तारामच्या चित्रशाळेतला गणपती कधी तोंडावर पडला नाही. एखाद्या घरात कधी भांडण चव्हाट्यावर आलं नाही असं सांगावं, तशी ही गोष्ट पेडण्यात लोक सांगत. त्याच्या मूर्ती काही फार देखण्या नसत. वारखंडच्या एकाच्या गणपतीचे डोळे अधिक बोलके असायचे, म्हापशाच्या बाजारातल्या मूर्तींना चमक जास्त असायची. पण वीतभर उंचीचा असो की पुरुषभर, दत्तारामचा गणपती खडबडीत रस्त्यावरून टेम्पोत बसून गेला तरी जागचा हलत नसे.

त्यातली खुबी साधी होती. सोंड, पोट आणि मोदकाचा हात मूर्तीला पुढे ओढतात. म्हणून बैठकीच्या मागच्या अंगाला, पाठीच्या तळाशी, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, माती जास्त दाबायची. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. आता साठीत शिकवलेलं असं काही उरलं नव्हतं; मूर्ती उभी राहिली की हात आपोआप मागे जाई.

शिगमा संपता संपता त्याचा भाचा सर्वेश कागदाची लांब गुंडाळी घेऊन आला. सर्वेश म्हापशात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि सुटीच्या दिवशी रिमोटवर चालणारी विमानं उडवायचा. निदान आधी उडवायचा. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आसपास तसली विमानं उडवायला बंदी आली. खऱ्या विमानांनी खोट्या विमानांचं आभाळ घेतलं, असं तो म्हणे, आणि स्वतःच हसे.

"मामा, गोकुळदास काकांचं सहस्रचंद्रदर्शन आसा मे महिन्यात," तो म्हणाला. "देवेशान माका सांगलां, तेंका त्यांचं जुनां विमान करून दी. एचटी-टू."

डिचोलीचे गोकुळदास विमानदलात होते. तिथे नव्या पोरांना विमान चालवायला शिकवायचं, हे त्यांचं काम. ते ज्या विमानात शिकवत, त्याचं नाव एचटी-टू. दोघंच बसणारं, एकामागे एक. अंग चंदेरी, पंखांवर आणि कमरेवर पिवळे पट्टे. ते आता कुठे उडत नाही. त्यांच्या घरचा गणपती दरवर्षी दत्तारामकडूनच जाई. देवेश त्यांचा मुलगा.

"हुबेहूब तसां, फक्त ल्हान," सर्वेश म्हणाला. "मोटार, बॅटरी, तारा माझ्या. तोंड, रंग, आतली माणसां तुमची. आणि उडाक व्हयां. उडलां तर देवेश आपल्या सड्यावरची जागा आमका आयतवारी उडवूक देतलो म्हणता."

म्हणजे सर्वेशचं आभाळ डिचोलीच्या त्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर होतं. हे दत्तारामला त्याच दिवशी कळलं. तेवढ्यासाठी त्याने हो म्हटलं.

चित्रशाळेत गणपतीच्या कामाला अजून वेळ होता. सर्वेशने मागवलेलं बाल्सा लाकूड फुलासारखं हलकं. दत्तारामने त्याच्या फासळ्या कापल्या, कागदावरच्या रेघेवर ठेवून बघितल्या, डिंक लावून जोडल्या. मासळी सोलून ठेवावी तसा सांगाडा मेजावर पडून असे. त्याची बायको कमलाक्षी चहा आणि उंडे पाव घेऊन यायची आणि लांबूनच बघायची. फुंकर मारली तर जाईल, असं तिला वाटे. शेपटीत तारा जायच्या तिथे दत्तारामने एक इवलंसं दार केलं, बिजागरीसकट. पुढे शिकणारा पोरगा, मागे गोकुळदास, अशी अंगठ्याएवढी दोन माणसं केली. पोराचे डोळे रंगवले तेव्हा ते गणपतीसारखे लांबट झाले.

सर्वेश खदखदून हसला. "मामा, आता उंदीर खंय बसतलो?"

"तुझ्या मामाच्या डोक्यार," कमलाक्षी म्हणाली. "थंयच आसता तो."

सोहळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विमान अंगणात चालवून बघितलं. घरघर करत ते तुळशीपर्यंत गेलं, चाक खड्याला अडलं आणि ते नाकावर पडलं. शेपूट वर, तोंड मातीत. नाकावरचा पंखा मोडला.

सर्वेशला त्याचं काही नव्हतं. "ह्या जातीची अशीच. शेपूट जमनीक टेकून बसता मां, म्हणून खडो लागलो की नाकार जाता. खरी पण जात." त्याने नवा पंखा बसवला. मग पंखांखाली एकेक बोट घालून विमान वर उचललं आणि श्वास रोखून उभा राहिला. विमान त्याच्या दोन बोटांवर, नाक किंचित खाली, पाण्यावरच्या पानासारखं थांबलं. "बरोबर," तो म्हणाला. "आता हात लावूचो नाय, मामा. रंगाचो थेंब पण नाय. सगळा तोलाचा काम."

सकाळी गाडी यायच्या आधी दत्ताराम चित्रशाळेत एकटा होता. विमान मेजावर उभं, चंदेरी, नव्या सोवळ्यासारखं. डिचोलीला सगळा गोतावळा जमणार, म्हातारे गोकुळदास खुर्चीत बसणार, आणि हे सगळ्यांसमोर नाकावर पडणार. दत्तारामच्या हातून गेलेलं, तोंडावर पडलेलं. त्याने तो खडा, ते वर गेलेलं शेपूट डोळ्यांपुढे आणलं आणि हात मागे गेला. कोपऱ्यात भिजत घातलेली चिकण माती होती. मोठ्या लिंबाएवढा गोळा त्याने शेपटीतलं दार उघडून आत दाबला, दार लावलं, वर बोट फिरवलं. मेज हलवून बघितलं. विमान घट्ट बसलं होतं.

लिंबाएवढ्या मातीने काय होतं, असं तो मनात म्हणाला. म्हणजे काहीतरी होतं, हे त्याला ठाऊक होतं.

सड्यावर जांभ्याचा कातळ तापला होता. गोकुळदास विमानावर वाकले. त्यांनी मागच्या जागेवरच्या अंगठ्याएवढ्या माणसाला नखाने हात लावला. "हा मी?" एवढंच म्हणाले. मग देवेशने त्यांना खुर्चीत बसवलं आणि सर्वेशने विमान सोडलं.

ते नाकावर पडलं नाही. सरळ धावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जमीन सोडली आणि नाक वर झालं. वर, आणखी वर. एखादं जनावर मागच्या पायांवर उभं राहावं तसं. नाक खाली आणायला सर्वेशने रिमोटची काठी पुढे दाबलेली दत्ताराम बघत होता. विमान हवेत क्षणभर थांबलं, एक पंख खाली झुकला, आणि ते फिरत फिरत जांभ्यावर आदळलं.

सगळ्यांत आधी धावला तो दत्ताराम. लोकांना वाटलं, बापडा, महिनेच्या महिने राबला. तो गुडघ्यांवर बसला. शेपूट अखंड राहिलं होतं. पाठ लोकांकडे करून त्याने दार उघडलं, गोळा बोटांनी उकरून काढला आणि लेंग्याच्या खिशात टाकला. बोटांना माती होती. त्याच्या बोटांना नेहमीच माती असायची.

गोकुळदास काठी टेकत आले. त्यांनी तुकड्यांकडे बघितलं. "शेपूट जड असल्यासारखं गेलं," ते म्हणाले.

"काका, काल मी सोता बोटांवर तोललेलां," सर्वेश म्हणाला. "नाक खाली व्हता. काठी पुढे दिली, आयकूकच नाय तेणां."

"मग ती बोटं वजनाला ठेव बाजारात," देवेश म्हणाला. "नारळ तरी तोलतील." आजूबाजूचे हसले. गोकुळदास हसले नाहीत. त्यांनी दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या कामात कुठे काही कमी नाही हो, दत्ताराम."

दत्तारामने मान हलवली. खिशातली ओली माती लेंग्यातून मांडीला थंड लागत होती. त्याने मान हलवली ती लाजून, असं सगळ्यांना वाटलं. आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमलाक्षीने लेंगा धुवायला घेतला. "सहस्रचंद्राक जातानाव खिशात माती? शरम आसा काय जरा?" ती हसत म्हणाली. त्याला वाटलं, आता विचारील. पण तिने खिसा उलटा करून झटकला आणि ती माती तुळशीत टाकली.

सड्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. सर्वेशने रिमोट कपाटावर टाकला. बहीण फोनवर सांगायची, हल्ली त्याला झालंय तरी काय. दुकानात एक स्क्रू बसवला तरी मालकाला दाखवतो, बरोबर आहे ना म्हणून विचारतो. दत्ताराम ऐकायचा आणि म्हणायचा, "जाता तें. वयच तसां." फोन ठेवला की ते वाक्य तोंडात राहायचं, किडलेल्या दातासारखं.

मग गणपतीचं काम सुरू झालं आणि त्याला पळायला जागा उरली नाही. प्रत्येक मूर्तीपाशी हात मागे जाई. प्रत्येक पाठीच्या तळाशी माती दाबावी लागे. ती दाबली नाही तर देव पडणार, दाबली की ते चंदेरी शेपूट समोर येणार. मोडलेलं विमान माळ्यावर होतं. जनेलाच्या गजांतून दुपारचं ऊन तिथपर्यंत जाई आणि पिवळा पट्टा चमके. त्याने त्यावर गोणपाट टाकलं. गोणपाटाचाही आकार दिसायचा.

चवथीच्या आदल्या दिवशी घराघरांतली माणसं आपापले गणपती न्यायला आली. डिचोलीचा गणपती दरवर्षी सर्वेश मांडीवर घेऊन जाई. यंदा तो आला, टेम्पोपाशी उभा राहिला, आत आला नाही.

"ये रे," दत्ताराम म्हणाला. "पाट धर."

"गाडी मी चलयतंय," सर्वेश खाली बघत म्हणाला. "गणपती दुसऱ्या कोणाक तरी धरूक सांगा, मामा. माझ्या हाताक तोल नाय."

तो हे रागाने म्हणाला नव्हता. खांदा दुखतो असं सांगावं तसं म्हणाला होता. दत्तारामला हेच सोसलं नाही. पोरगं रागावलं असतं, रडलं असतं तरी चाललं असतं. त्याने ते मानलं होतं.

दत्ताराम माळ्यावर चढला. शेपटीचा भाग घेऊन खाली उतरला, त्यावरची धूळ हाताने पुसली आणि तो सर्वेशपुढे धरला. "बोटांवर घे."

"मामा, आता काय..."

"घे म्हणतंय."

सर्वेशने बोटं खाली घातली, पुढेमागे सरकवली. शेपूट तोलून थांबलं. त्याला तोलता येत होतं. ते त्याच्या लक्षातही आलं नाही. दत्तारामने मातीचा लिंबाएवढा गोळा घेतला, इवलं दार उघडलं आणि आत दाबला. शेपूट सर्वेशच्या बोटांवरून मागे कलंडलं. त्याने ते पडता पडता धरलं.

"त्या दिसा सकाळी," दत्ताराम म्हणाला. "तू येवच्या आदी."

सर्वेशने ते इवलं दार बोटाने उघडलं, पुन्हा लावलं. बाहेर कुणी तरी फटाका लावला, पोरं ओरडली.

"तुमीच काढलात? सड्यावर?"

"मीच."

"आणि देवेश माका बोलताना तुमी थंयच व्हतात."

"थंयच व्हतंय."

"मामा, नाकावर पडलां असतां तर पंखो मोडलो असतो," सर्वेश म्हणाला. "एक पंखो." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. त्याने गोळा बाहेर काढून मेजावर ठेवला, हात पुसले. "काकांक कोण सांगतलो?"

दत्तारामने पाट उचलला, मूर्तीच्या तोंडावर कापड घातलं आणि स्वतः टेम्पोत जाऊन बसला. गणपती मांडीवर. पेडण्याहून डिचोलीपर्यंत खड्ड्याखड्ड्याला सर्वेश गाडी हळू करत होता. मामासाठी नव्हे, मूर्तीसाठी, असं दत्तारामला वाटलं. तेही बरोबरच होतं.

डिचोलीला दारात सगळे उभे होते. देवेशची बायको तनया तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन पुढे आली. गणपती घेऊन येणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं आणि मग त्याला आत घ्यायचं, ही घरची रीत.

"यंदा खुद्द दत्ताराम!" गोकुळदास खुर्चीतून म्हणाले. "बघा, ह्याचा हात कधी..."

"थांबा," दत्ताराम म्हणाला. "पाणी घालू नका. आधी आयका."

त्याने सांगितलं. उंबरठ्याबाहेर, हातात गणपती घेऊन. माती कुठे होती, केवढी होती, कधी घातली, कधी काढली. सर्वेशने आदल्या दिवशी काय सांगितलं होतं, तेही. मध्ये तो अडखळला, तेव्हा त्याने थांबून पुन्हा तेच वाक्य म्हटलं. हात जोडता येत नव्हते, तोंड झाकता येत नव्हतं. दोन्ही हात देवाखाली होते.

देवेश अंगणात टेम्पोपाशी उभ्या असलेल्या सर्वेशकडे बघू लागला आणि मग जमिनीकडे. ताटातली वात फडफडत होती, तनयाने तिच्यावर हात धरला.

"विमान पडलं की आम्ही पहिलं हे विचारायचो," गोकुळदास शेवटी म्हणाले, "की त्याला शेवटचा हात कोणाचा लागला. त्या दिवशी मी विचारलं नाही. तू होतास म्हणून." त्यांनी अंगणाकडे बघून हाक मारली. "सर्वेश! सड्याच्या फाटकाची चावी देवेशकडून घेऊन जा. हातावर ठेव रे त्याच्या, देवेश. आत्ता."

मग ते सुनेला म्हणाले, "पाणी घाल."

तनया वाकली. दत्तारामला पाय मागे घ्यावेसे वाटले. पण मागे पायरी होती, हातात देव होता, आणि देवाचा तोल त्याच्या पायांवर होता. तो हलला नाही. पाणी पायांवर पडलं, बोटांमध्ये अडकलेली चित्रशाळेतली माती सुटून पायरीवरून गढूळ ओघळ खाली गेला. सगळे तो बघत होते. तनयाने आणखी एकदा तांब्या ओतला.