साळवे मास्तरांचा ठेका

केडगावच्या शाळेत मी रुजू झाले त्या सकाळी साळवे मास्तर मोठ्या ढोलाला कान लावून बसले होते. ढोल उन्हात, मास्तर उकिडवे, डोळे मिटलेले. मी नमस्कार केला तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग कातड्यावर एक टिचकी मारली आणि समाधानाने म्हणाले, "उठला. गारव्यानं झोपला हुता. या बाई, बसा." ढोलाचं कातडं थंडीत सैल पडतं, त्याला ऊन द्यावं लागतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा कोण वेडा भेटला, असं मात्र वाटलं.

ते शाळेच्या बँडचे मास्तर. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, नगरच्या ख्रिस्ती वस्तीतून रोज सायकलवर येणारे. मी गणिताची बाई आणि जात्याच भित्री. पाल, इन्स्पेक्टर, मोठा आवाज, कशानेही माझी गाळण उडायची. त्यात बँडवाली मुलं माझ्या तासाला हमखास उशिरा यायची, म्हणून मास्तरांवर माझा रागही होता. एकदा एक पालक त्यांना माझ्यासमोरच म्हणाले, "मास्तर, बिगुल फुकून पोराला कुठं नोकरी लागायची?" मी मनातून खूश झाले. मास्तर म्हणाले, "नोकरीचं म्या काय सांगू? पन चौघांत चालायला शिकंल. शेजारच्याचा पाय तुडवनार न्हाई." हे काय उत्तर झालं, असं मला वाटलं होतं.

त्यांची मुलगी रूथ आठवीत होती आणि बँडमध्ये लहान ढोल वाजवायची. शाळेत ती त्यांना बाबा म्हणत नसे, मास्तर म्हणे. स्नेहसंमेलनाच्या आधी मुलं घाबरली की मास्तर सगळ्यांसमोर उभे राहून सांगायचे, "भ्यायचं आसंल तर भ्या. पन ठेका सोडू नका." रूथ हसून मान डोलवायची.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली आणि लष्कराची छावणी जवळ असल्यामुळे सगळं नगर धास्तावलं. खिडक्यांना काळे कागद लागले. शाळेच्या भिंतीलगत चिंचांखाली खंदक खणले. छावणीचा भोंगा वारा उलटा असला की आमच्याकडे नीट ऐकू येत नसे, आणि शाळेची घंटा तर तासांसाठी. तेव्हा धोक्याची खूण म्हणून बिगुल वाजवावा, असं साळवे मास्तरांनीच सुचवलं. त्यासाठी वेगळा सूर बसवला, वर्गावर्गात जाऊन मुलांना ऐकवला. खंदकात उतरण्याची तालीम शनिवारी ठरली. भोंगा त्याआधीच झाला.

मी सहावीला अपूर्णांक शिकवत होते. भोंग्याचा आवाज कसाबसा आला आणि लगेच बिगुल. माझ्या हातातला खडू पडला. मुलं मात्र शांतपणे उठली आणि बाहेर निघाली. मी मागून धावले आणि व्हरांड्यातच थिजले. सगळी शाळा मैदानात येऊन ओळीत उभी राहत होती. आमच्याकडे वर्षानुवर्षं बिगुल झाला की मैदानात यायचं, रांग धरायची, सावधान. सूर वेगळा होता, पण मुलांच्या पायांना बिगुल तेवढा कळला. वर मोकळं आभाळ, आणि छावणीच्या बाजूने विमानाची घरघर येत होती.

"पळा, खंदकात पळा," हेडमास्तर ओरडले. त्या ओरडण्याने रांगा हलल्या. लहान मुलं रडायला लागली. अरुंद खंदक आणि एवढी मुलं, पळाली तर एकमेकांना तुडवतील, हे मला लख्ख दिसत होतं आणि मी व्हरांड्यातच उभी होते.

तेवढ्यात मोठा ढोल वाजला. मास्तर गळ्यात ढोल अडकवून मैदानाच्या मधोमध उभे होते, शेजारी सरावाला जमलेला त्यांचा बँड. शाळा सुटताना वाजायची तीच चाल, तीच संथ. त्या चालीवर पहिली आधी निघायची, मग दुसरी, अशा रांगा रोज फाटकाकडे जात. मास्तरांनी फक्त मान चिंचांकडे वळवली. पहिलीच्या बाई तिकडे वळल्या आणि त्यांच्यामागे रांग वळली. एकही मूल पळालं नाही.

विमान जवळ येत होतं. मी धावत जाऊन सहावीच्या पुढे झाले. माझी रांग बँडच्या शेजारून गेली तेव्हा रूथचा पांढराफटक चेहरा मला दिसला. मी म्हटलं, "मास्तर, निदान रूथला तरी पाठवा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "ती बँडात हाय, बाई. तुमची रांग चालू ठेवा."

खंदकातून मला मैदानात उरलेली ती मूठभर मुलं दिसत होती. मी आयुष्यात इतकी कधीच भ्याले नाही. शेवटचा, अकरावीचा वर्ग खंदकात उतरला तेव्हा कुठे ढोल थांबला आणि बँड धावत आला. विमान डोक्यावरून गेलं. ते आपलंच होतं, हे नंतर कळलं.

सगळं निवळल्यावर मास्तर चिंचेखाली बसले होते. ढोलाचा पट्टा त्यांना सोडवेना. रूथने तो सोडला. "लई भ्यालो, बाई," ते म्हणाले. "बिगुलाची चूक माजीच. आन् पोरीकडं बघितलं आसतं तर ठेका चुकला आसता. म्हनून न्हाई बघितलं."

ही गोष्ट घरी कळल्यावर त्यांची बायको कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी धोक्याच्या खुणेसाठी रुळाचा तुकडा टांगला. आणखी एक गोष्ट त्यांनी बदलली. शाळा सुटताना यापुढे बँडची मुलं सर्वांत आधी जायची. मास्तर एकटे मैदानात उभे राहून, शेवटचं मूल फाटकाबाहेर पडेपर्यंत ढोल वाजवायचे. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. बँडवाल्या मुलांना उशिराबद्दल मी पुन्हा कधी बोलले नाही.

पुष्कळ वर्षांनी ते गेले तेव्हा नगरच्या कब्रस्तानात त्यांचे जुने विद्यार्थी वाद्यं घेऊन आले होते. मूठमाती झाल्यावर रूथने त्यांना सांगितलं, "बँडवाले आधी निघा." तिचेही केस आता पांढरे झाले होते. मग तिने वडिलांचा मोठा ढोल गळ्यात अडकवला आणि एकटी कबरीशी उभी राहिली. तीच संथ चाल. आम्ही एकेक करून फाटकाकडे निघालो.

 तिच्याकडे एकदा वळून पाहावं असं फार वाटलं. पण पाहिलं नाही. ठेका चुकला असता.