मी त्यांच्या मुलाला फोन केला

लीड्समध्ये माझ्या शेजारी नव्वदीला टेकलेल्या एक जपानी बाई राहतात. युद्धाआधी त्यांचं घराणं म्हणजे बडं प्रस्थ: टेकडीभर बाग, चाळीस नोकर, वडिलांना सरकारी किताब. युद्ध हरले, किताब गेला, जमिनी गेल्या, बागेत हॉटेल उभं राहिलं. वडिलांना आपले बूट आपण घालायची सवयच नव्हती, हे त्या हसत सांगतात. मला मात्र संताप येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशातली गत.

त्यांना भाऊ नव्हता. जपानात अशा वेळी जावयालाच घराण्याचं आडनाव देऊन दत्तक घेतात. पण या लेकीने पसंत केला यॉर्कशरचा इंजिनिअर, आणि तो काही आपलं नाव सोडेना. वडिलांनी पुढे तिचं एकही पत्र उघडलं नाही.

गेल्या वर्षी तिकडच्या देवळातून पत्र आलं. घराण्याची कबर सांभाळणारा चुलतभाऊ वारला होता. आता घरातलं कोणी जबाबदारी घेणार का? नाहीतर कबरीचा दगड काढून अस्थी सामायिक जागेत हलवू. बाईंनी मला ते इंग्रजीत वाचून दाखवलं. "मी घेणार जबाबदारी," त्या म्हणाल्या. "आणि वडिलांशेजारी मला जागा द्याल का, तेही विचारणार."

आणि मी अतिशहाणी काय बोलले? "अहो, एवढा मोठा निर्णय एकट्याने कशाला घेता? मुलाला बोलवा की!" नुसतं बोलले नाही, फोनही मीच लावला.

पत्र त्यांच्या नावाचं, सही त्यांची, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. पण मी पस्तीस वर्षं हॉस्पिटलात हेच करत आले. आपल्याकडची एखादी आजी पेशंट म्हणून समोर बसलेली असायची, आणि मी तिच्या डोक्यावरून विचारायची, "मुलगा कुठंय?"

रविवारी मुलगा मिल्टन कीन्सहून गाडी हाकत आला. कोटसुद्धा काढला नाही. "मम, तिथे जाणार कोण? कशाला हा व्याप?" त्याने लॅपटॉपवर देवळाला नकाराचं उत्तर लिहिलं, प्रिंट काढून आईपुढे ठेवलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलावं म्हणून थांबल्या असाव्यात. मी गप्प. घरच्यांच्या मध्ये आपण कशाला पडा! त्यांनी सही केली. तो लिफाफा घेऊन ट्रॅफिकच्या आधी निघाला.

"मी त्याला बोलवायला नको होतं," मी म्हणाले.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "माझ्या वडिलांचंही तुमच्यासारखंच मत होतं," त्या म्हणाल्या. "घराण्याचं काही करायचं तर पुरुषच हवा."

मग त्यांनी मला माझा कोट आणून दिला. त्यानंतर एकदाही त्यांनी मला घरात बोलावलेलं नाही, आणि त्यांचं काही चुकत नाही.