खुर्चीवर बसून वाजवलेला ट्रम्पेट

१९ जून २०२४. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार हा दिवस जागतिक सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नागपुरातल्या एका तपासणी शिबिरात लग्नबँडमधला ट्रम्पेटवादक जितेंद्र मेश्राम डॉक्टरांसमोर बसला होता. आपल्याला सिकलसेल आहे, हे त्याला शाळकरी वयापासून ठाऊक होते.

"दुखतं का?"

"नाही जी."

शहरातल्या इंदोरा वस्तीतल्या त्याच्या घरी हा आजार हाडांच्या दुखण्यावरूनच ओळखला जाई. दुखणे नाही, म्हणजे आजार शांत. दम लागण्याचा त्याच्याशी संबंध कोणी जोडलाच नव्हता. वरात उड्डाणपुलाच्या चढावर आली की जितेंद्र मागे पडे आणि बँडमास्तर नत्थूजी ओरडत, "काहून गा जितू, तुह्यासाठी बी घोडा आणू का?"

"आणा ना मास्तर, वरूनच फुकतो!"

हसण्यावारी गोष्ट जाई. शिबिरात मात्र त्याची पत्नी गोपिका मध्येच बोलली, "दुखत नाही साहेब, पण चढ आला का यायले दम लागते. ओठ निळे पडते."

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजव्या बाजूवर ताण दिसला. पुढे हृदयात नळी घालून केलेल्या तपासणीत फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढल्याचे सिद्ध झाले. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यांतून सांडलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा वायू शोषून घेते. वाहिन्या आखडतात आणि हृदयाला जादा जोर लावावा लागतो. डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद करायला सांगितला.

"कायमचा का?" जितेंद्रने एवढेच विचारले.

"दाब उतरेपर्यंत तरी."

त्याने ते मुदतीसारखे घेतले. गोळ्या चुकवल्या नाहीत. लग्नांचा तो हंगाम इतर वादकांकडून चाली बसवून घेण्यात घालवला. पुढच्या वर्षी दाब काहीसा उतरला आणि परवानगी मिळाली: थोडा वेळ, बसून, चालत मुळीच नाही.

"बँडात खुर्ची? लोकं हासतीन गा," नत्थूजी म्हणाले.

"हासू द्या. सूर तर बरोबर लागन."

आता वरात दुसरे वादक आणतात आणि सभागृहाच्या दारातली स्वागताची धून जितेंद्र वाजवतो. त्या धुनेसाठी बँडला वेगळे बोलावणे येते, असे नत्थूजी सांगतात. यातला मास्तरांचा अभिमान वगळूनच ते ऐकावे.

दाब सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने उतरला, फुप्फुसाच्या औषधाने की चढ सुटल्याने, हे ठरवता आलेले नाही. तो वाढू कधी लागला, हेही कळणार नाही, कारण २०२४ पूर्वी त्याचा इको झालाच नव्हता. इतकी वर्षे ट्रम्पेट फुंकण्याने त्याच्या हृदयाचे नुकसान केले की नाही, हे डॉक्टरांनाही माहीत नाही.